आठ महिने ‘ताबेलोग’ वापरल्यावर: ओसाकात जेवायला कुठे शिरावं

मार्च २०२५मध्ये कंपनीने मला आठ महिन्यांसाठी ओसाकाला पाठवलं. १३ एप्रिलला एक्स्पो, म्हणजे जागतिक प्रदर्शन, सुरू होणार होता, त्यामुळे शहराच्या मध्यभागी परवडणारी खोली मिळेना. शेवटी तेन्नोजीच्या दक्षिणेला, हान्काई ट्रामच्या रुळांजवळ एक मिळाली. तिच्या ओट्यावर एक शेगडी आणि एक बशी, बस्स. त्यामुळे बाहेर खाणं ही माझी हौस नव्हती, रोजची सोय होती. मी चिपळूणची, मासे खाऊन वाढलेली. गोमांस सोडलं तर काही वर्ज्य नाही. हे आधीच सांगते, कारण शुद्ध शाकाहारी माणसाचा अनुभव वेगळा असेल. त्याबद्दल पुढे येतंच.

पहिल्या आठवड्यात नवखा माणूस करतो तेच केलं. दोतोंबोरीच्या कालव्याजवळ उभी राहून नकाशाचं अ‍ॅप उघडलं आणि सगळ्यात जास्त तारे असलेल्या ठिकाणी शिरले. ४.८ तारे, हजारावर अभिप्राय. आत गेल्यावर एकही जपानी गिऱ्हाईक दिसेना. बसताक्षणी एक कार्ड पुढे आलं: अभिप्राय लिहा, एक पेय फुकट. तीन शिगा (सळईवर खोचलेले तुकडे) आणि एक वाटी भात यांचे साडेतीन हजार येन झाले, म्हणजे दोन हजार रुपयांच्या वर. जेवण वाईट होतं असं नाही म्हणणार, ते कुठल्याही शहरात मिळेल असं होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात हे सांगितलं तर शेजारचा सहकारी हसला आणि त्याने माझ्या फोनवर ताबेलोग टाकून दिलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ताबेलोग ही जपानमधली खाण्याच्या दुकानांची सर्वांत परिचित नोंदवही. काकाकु डॉट कॉम या कंपनीने ती २००५मध्ये सुरू केली. दुकानाला पाचपैकी गुण, लोकांनी काढलेले फोटो, दुपारचा आणि रात्रीचा खर्च वेगवेगळा, खुर्च्या किती, सिगारेट चालते का, साप्ताहिक सुट्टी कधी, स्टेशनपासून किती मीटर, सगळं एका पानावर. बहुतेक मजकूर जपानीत. मी जपानी पान उघडून फोनच्या भाषांतरातून वाचायचे, आणि त्या भाषांतराने पुष्कळ करमणूक केली. ओयाकोदोन या पदार्थाचं ‘आई-वडील आणि मूल वाटी’ झालं. भातावर कोंबडी आणि अंडं, म्हणून ते नाव. कोंबडीच्या जागी दुसरं मांस असेल तर त्याला म्हणतात तानिनदोन, म्हणजे ‘परक्यांची वाटी’. नातंच नाही ना!

पहिला धक्का बसला तो गुण पाहून. माझ्या खोलीच्या आसपासची सगळी दुकानं ३.०४, ३.११, ३.२७. पुण्यात आपण चारच्या खालच्या हॉटेलात पाऊल टाकत नाही. मला वाटलं, नशिबी वाईट पेठ आली. सहकाऱ्याने समजावलं की हे गुण साधी सरासरी नसतात. ज्याने पुष्कळ ठिकाणी खाऊन पुष्कळ लिहिलंय त्याच्या मताला वजन जास्त, आणि दुकान तीनच्या आसपासच सुरुवात करतं. जपानी माणसाच्या लेखी तीन म्हणजे ‘ठीक, काही तक्रार नाही’. साडेतीनच्या वर जाणारी दुकानं शंभरात तीनेक. म्हणजे ३.४ दिसलं की शिरायचं. ३.५च्या पुढे रांगेत उभं राहायची तयारी ठेवायची आणि ३.८च्या पुढे खिसा चाचपायचा, कारण तिथे बऱ्याचदा सुशीची आठ-दहा खुर्च्यांची महागडी दुकानं असतात.

हे कळायला दोन आठवडे लागले, वापरायला शिकायला दोन महिने. मी करायचे ती चूक म्हणजे नुसतं ‘जवळचं चांगलं हॉटेल’ शोधायचे. इथली बरीचशी दुकानं एकाच पदार्थाची असतात. उदोनचं, म्हणजे गव्हाच्या जाड शेवयांचं दुकान उदोनच करतं, आयुष्यभर. तेव्हा आधी पदार्थ ठरवायचा, मग स्टेशन, मग दुकान. २०१७पासून ताबेलोग ‘ह्याकुमेइतेन’ नावाची यादीही काढतं: एकेका पदार्थाची निवडक शंभर दुकानं, म्हणजे उदोनची वेगळी, रामेनची वेगळी, कढीची (करी राइसला मी कढीच म्हणते) वेगळी. पहिल्यांदा जाणाऱ्याने ही यादी धरून चालायला हरकत नाही. त्यातली बरीच दुकानं दुपारी हजार-दीड हजार येनमध्ये जेवू घालतात.

त्यानंतर मी पदार्थ जिथला तिथे खायचं ठरवलं. मिनामिसेन्बातलं उसामितेई मात्सुबाया हे १८९३चं दुकान. कित्सुने उदोन इथे जन्मलं असं मानतात. कित्सुने म्हणजे कोल्हा. गोडसर शिजवलेला तळलेल्या तोफूचा पापुद्रा उदोनवर येतो, आणि तो कोल्ह्याला आवडतो अशी समजूत. सुरुवातीला तो बाजूला वेगळा वाढत, गिऱ्हाइकं रश्श्यात बुडवून खायला लागली, मग तसाच द्यायला लागले म्हणतात. मला त्या पापुद्र्यापेक्षा रस्सा आठवतो. फिकट, तळ दिसेल इतका पारदर्शक, आणि पहिल्या घोटाला वाटतं की यात काहीच नाही. तिसऱ्या घोटाला वाटी खाली ठेववत नाही. ही ओसाकाची दाशी, म्हणजे रश्श्याचं मूळ पाणी. होक्काइदोचं कोम्बु नावाचं समुद्री शेवाळ एकेकाळी जपानच्या समुद्रकिनाऱ्याने व्यापारी गलबतांतून इथवर यायचं, त्यामुळे या शहराची जीभ कोम्बुवर पोसली. तोक्योचा उदोनचा रस्सा सोयासॉसने काळपट असतो. ओसाकाचे लोक त्यावर नाक मुरडतात, आपण मिसळीवरून भांडतो तसे. नावांचाही घोळ आहे. तोक्योत तानुकी मागितलं तर तळणीतला चुरा घातलेलं मिळतं, ओसाकात तानुकी म्हणजे तोच तोफूचा पापुद्रा, पण उदोनऐवजी सोबावर, म्हणजे कुट्टूच्या शेवयांवर.

आइझुयाचे ताकोयाकीही असेच ऐकून खाल्ले. या दुकानाने १९३५च्या सुमाराला आप्प्यांसारख्या गोळ्यांत ऑक्टोपसचा तुकडा घालायला सुरुवात केली. इथे वर सॉस नाही, मेयोनीज नाही, नुसतेच खायचे. नाम्बातल्या १९१०च्या जियुकेनमध्ये कढी आणि भात आधीच कालवून आणतात आणि मधोमध कच्चं अंडं फोडतात. ते मात्र मला झेपलं नाही. वहीत ‘एकदा पुरे’ असं लिहून ठेवलंय.

आता ज्या दुकानासाठी हे सगळं लिहायला घेतलं, त्याकडे येते. माझ्या ट्रामच्या थांब्यापासून दोन गल्ल्या आत ओकोनोमियाकीचं, म्हणजे कोबी घातलेल्या पिठाच्या जाड पोळ्याचं एक दुकान होतं. गुण ३.०८, अभिप्राय अकरा, खुर्च्या सात, फक्त रोख, बुधवारी बंद. नुसते गुण बघितले असते तर अंगठ्याने वर सरकवून दिलं असतं. पण तोवर मला अभिप्राय लिहिणाऱ्याच्या नावावर टिचकी मारायची सवय लागली होती. तो माणूस एरवी कुठे कुठे खातो ते त्यातून दिसतं. अकरांपैकी एकाने ओकोनोमियाकीची इतकी दुकानं पालथी घातली होती की यादी संपेना, आणि इथे तो चार वेळा येऊन गेला होता. लिहिलं होतं तीनच ओळी. त्यात एक सूचना होती: भात मागवा.

दुसरी खूण फोटोंत सापडली. भिंतीवरचा हाताने लिहिलेला दरफलक तीन वेगवेगळ्या वर्षांच्या फोटोंत होता. कागद तोच, फक्त किमतींवर छोट्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. ज्याला दर वाढवताना नवा फलक करवत नाही, त्याचं गिऱ्हाईक रोजचं असणार असा मी अंदाज बांधला.

दुकान सत्तरीच्या एक काकू चालवायच्या. सगळे त्यांना ओबाचान म्हणत, म्हणजे काकूच. मी इकातामा मागितलं, माकुल घातलेलं. त्यांनी स्टीलच्या लहान वाडग्यात जाडसर चिरलेला कोबी, दाशीत भिजवलेलं पीठ, किसलेला डोंगरी कंद, अंडं, लाल आलं असं सगळं घातलं आणि चमच्याने खालून वर पाच-सहा वेळा उचललं. ढवळलं नाही. तव्यावर ओतून झाकण वगैरे काही नाही, नुसतं राहू दिलं. समोर उलथनं होतं. घरी थालीपीठ थापणारा हात माझा, मी सवयीने ते उचलून वरून दाबायला गेले. काकूंनी स्वतःच्या उलथन्याने माझ्या उलथन्यावर टक्‌ केलं. ‘आकान!’ म्हणजे ओसाकाच्या बोलीत ‘अं हं, नाही!’ दाबलं की आतली हवा जाते आणि कोबी रबरासारखा होतो, हे मला खुणांनी कळलं. मग उलटून झाल्यावर सॉस, हिरव्या शेवाळाची भुकटी, आणि सगळ्यात शेवटी कात्सुओबुशी, म्हणजे धुरावर वाळवलेल्या माशाचे कागदासारखे पापुद्रे. वाफेवर ते वळवळायला लागले आणि वास आला. धुरकट, खारट, पावसाळ्यात आई सुकट भाजते तसा. मी ओसाकात बसले होते आणि नाकात चिपळूणचा जुलै.

भात मागवला. पीठाच्या पोळ्याबरोबर भात, हा तोक्योच्या लोकांना न पटणारा ओसाकाचा प्रकार. आपण भाकरीनंतर भात घेतोच की. सगळे मिळून एक हजार येन. त्यानंतर मी दर आठवड्याला जात होते.

एक सूचना, कारण यावरून गैरसमज होतात. रात्री ईझाकायात, म्हणजे दारूबरोबर खायच्या ठिकाणी बसलात की न मागता एक छोटी वाटी येते आणि बिलात तिचे तीनशे ते पाचशे येन लागतात. इकडे त्याला त्सुकिदाशी म्हणतात. ती लूट नव्हे, बसायचं भाडं समजा. टीप मात्र ठेवू नका, तुमच्या मागे पळत येऊन परत देतील.

ऑक्टोबरात, एक्स्पो संपल्यावर, आई-बाबा आले. आई एरवी मासे खाते, पण आषाढी ते कार्तिकी तिचं मासे बंद, कांदा-लसूणही बंद. आणि इथे माझी आठ महिन्यांची सगळी विद्या आडवी झाली. गुण कितीही चांगले असोत, रश्श्यात मासा आहे का हे गुणांवरून कळत नाही. दिसायला निव्वळ तोफू आणि उदोन, खाली दाशीत मासा. पहिले दोन दिवस आईने केळी, दही आणि खोलीत केलेला मुगाचा भात खाल्ला, तक्रार न करता. त्याचंच मला जास्त वाईट वाटत होतं.

तोडगा ओबाचानकडे मिळाला. आईचं काय काय चालत नाही ते मी कागदावर चित्रं काढून दाखवलं: मासा, कांदा, लसूण, सगळ्यांवर काट. त्यांनी क्षणभर बघितलं आणि म्हणाल्या, ‘कोयासान.’ कोयासानचं मला माहीत होतं, पण ‘बघायची जागा’ म्हणून. जेवायची जागा म्हणून कधी विचारच केला नव्हता.

नाम्बाहून नानकाईच्या गाडीने गोकुराकुबाशीपर्यंत, पुढे केबल कार. सुमारे आठशे मीटर उंचीवरचं हे देवळांचं गाव. नवव्या शतकात कूकाई या भिक्षूने इथे शिंगोन या बौद्ध पंथाचं पीठ उभारलं. पन्नासच्या वर देवळांत राहायची सोय आहे आणि तिथलं जेवण म्हणजे शोजिन र्‍योरी. मांस-मासा नाही, कांदा-लसूण नाही, दाशी कोम्बु आणि वाळवलेल्या शिताके अळिंब्यांची. आईला हे सांगितलं तर म्हणाली, ‘म्हणजे यांचा बारमाही चातुर्मासच गं.’

संध्याकाळी साडेपाचलाच पानं मांडली. लाल पॉलिशचे बुटके चौरंग, त्यांवर झाकणाच्या वाट्या. एकीत कोयादोफू, थंडीत गोठवून वाळवलेला तोफू. स्पंजासारखा, चावला की रस्सा सुटतो. आणि एकीत गोमादोफू. नाव तोफू असलं तरी त्यात सोयाबीन नाही, तीळ वाटून कुड्झू या वेलाच्या मुळाच्या पिठीबरोबर घोटतात. आईने चमच्याची कड लावली, तो हलला, पण फाटला नाही. एक घास घेऊन ती गप्प बसली. मग बाबांना म्हणाली, ‘अहो, पंधरा मिनिटं तरी ढवळत राहिल्याशिवाय हे असं होत नाही.’ हे तिचं कौतुक. सकाळी ओकुनोइन या तिथल्या दफनभूमीतल्या जुन्या थडग्यांवर सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीतली अक्षरं कोरलेली दिसली, तेव्हा निवृत्त शिक्षक असलेले बाबा चष्मा वर करून विचारत होते, ‘ही मोडी आहे का गं?’

तर आता वापरणाऱ्यांसाठी. ओसाकात चारच दिवस असाल तर ह्याकुमेइतेनमधला एकेक पदार्थ निवडा आणि दुपारी जा. तीच दुकानं रात्री बऱ्याचदा महाग असतात. सुट्टीचा वार दोनदा तपासा, मी दोनदा बंद दारासमोर उभी राहिलेय आणि दोन्ही वेळा वार मीच नीट वाचला नव्हता. महिनाभर असाल तर ३.०च्या घरातली घराजवळची दुकानं बघा, पण गुण सोडून बाकी सगळं वाचा: लिहिणारा कोण, किती वेळा आला, फोटो कधीचे. सोबत शाकाहारी माणूस असेल तर आधी कोयासान आरक्षित करा, मग विमानाची तिकिटं.

चिपळूणला आईने आरारूट घालून गोमादोफूचा प्रयत्न केला. खळ झाली. दुसऱ्यांदा बरा झाला, बाबांनी त्यावर गूळ घातला.

ओबाचानच्या दुकानावर मी अभिप्राय लिहिला नाही. सात खुर्च्या आहेत, आणि शनिवारी त्यातली एक माझी असायची. काल सहज उघडून पाहिलं. ३.०९ झालंय. नवीन एक फोटो आहे, दरफलकावर आणखी एक चिठ्ठी चिकटवलीये: इकातामा पन्नास येनने वाढलं.