वर्षाला ५ डॉलर: टेक्सासच्या मोटारचोरीविरोधी शुल्काच्या बदल्यात नेमके काय मिळते?

टेक्सासमध्ये मोटारीच्या विम्याचे नूतनीकरण करताना पॉलिसीच्या कागदांत हप्त्याच्या रकमेखाली ‘मोटर व्हेइकल क्राइम प्रिव्हेन्शन ऑथॉरिटी फी’ (मोटार गुन्हे प्रतिबंधक प्राधिकरणाचे शुल्क) अशी एक ओळ छापलेली असते. पॉलिसी सहा महिन्यांची असेल तर त्यापुढे अडीच डॉलर दिसतात, वर्षाची असेल तर पाच. हा आणखी एक कर असावा असे समजून आपल्यापैकी बहुतेक जण ही ओळ न वाचताच पैसे भरतात. प्रत्यक्षात ही एका सेवेची किंमत आहे आणि मोटारचोरी रोखणाऱ्या स्थानिक पोलीस पथकांच्या खर्चातला एक वाटा आपण त्यातून उचलत असतो. घेतलेल्या वस्तूचा किंवा सेवेचा हिशेब आपण जसा मांडतो तसाच तो या सेवेचाही मांडायला हवा, असे मला मनापासून वाटते.

आधी किमतीविषयी. मोटारचोरी रोखण्यासाठी विमाधारकांकडून लहानसे शुल्क घ्यायचे आणि ते पोलिसांना अनुदान म्हणून द्यायचे, ही वाट १९८६ मध्ये मिशिगन राज्याने घालून दिली. टेक्सासने १९९१ मध्ये तिचे अनुकरण केले आणि प्रत्येक विमा उतरवलेल्या वाहनामागे वर्षाला १ डॉलर घेण्यास सुरुवात केली. पुढे त्याचे २ डॉलर झाले, २०१९ मध्ये ४ आणि २०२३ मध्ये ५. विमा कंपनी हे शुल्क राज्याकडे भरते आणि ते आपल्याकडून वसूल करते. इथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ज्यांनी केवळ दुसऱ्याच्या नुकसानीपुरता सक्तीचा विमा घेतला आहे, म्हणजे ज्यांची स्वतःची गाडी चोरीला गेली तर कंपनीकडून एक पैसाही मिळणार नाही, त्यांच्याकडूनही हे शुल्क घेतले जाते. वरवर हा अन्याय वाटतो, परंतु विचार केल्यावर माझे मत उलट झाले. पूर्ण विमा असलेल्या माणसाला गाडीची भरपाई मिळते, तर जुनी गाडी आणि किमान विमा असलेल्या माणसाला गाडी परत मिळण्याची आशा फक्त पोलिसांकडूनच असते. त्यामुळे या सेवेची खरी गरज त्यालाच अधिक असते.

हा पैसा कोणाकडे जातो, हे समजून घेतल्याशिवाय या सेवेचे मोल कळत नाही. ऑस्टिनमधील हे प्राधिकरण राज्याच्या मोटार वाहन विभागाच्या छत्राखाली चालते आणि स्वतः चोर पकडत नाही. ते अनुदान देते. ह्यूस्टन, डॅलस, सॅन अँटोनियो, एल पासो, लरेडो, लबक अशा शहरांतील आणि आसपासच्या काउंट्यांतील (जिल्ह्यांसारख्या विभागांतील) पोलीस दले व शेरीफ कार्यालये त्यासाठी अर्ज करतात. अनुदान मिळवायचे तर स्थानिक संस्थेला स्वतःच्या तिजोरीतून २० टक्के रक्कम घालावी लागते. ही अट मला या योजनेतील सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण स्वतःचा पैसा गुंतलेला असला की नगरपालिका आणि काउंटी कामाचा हिशेब मागतात आणि वरून आलेल्या रकमेची जी हेळसांड सरकारी योजनांत नेहमी दिसते तिला थोडा तरी आळा बसतो.

अशा पथकांची आवश्यकता का भासते, याचे उत्तर चोरीच्या स्वरूपातच आहे. अपार्टमेंटच्या पार्किंगमधून रात्री उचललेला पिकअप पहाटेपर्यंत तीन काउंट्या ओलांडून सीमेकडे निघालेला असू शकतो, एखाद्या गॅरेजमध्ये त्याचे सुटे भाग झालेले असू शकतात, किंवा दुसऱ्या गाडीचा चेसिस नंबर चढवून तो ऑनलाइन जाहिरातीतून एखाद्या निष्पाप ग्राहकाला विकला गेलेला असू शकतो. गस्तीवरचा साधा शिपाई तक्रार नोंदवून घेतो, क्रमांक राष्ट्रीय संगणकीय यादीत टाकतो आणि पुढच्या कामाला लागतो. घरफोडी, अपघात आणि मारामाऱ्या यांच्या गर्दीत त्याला त्या गाडीचा माग काढायला वेळ नसतो. वर्षानुवर्षे केवळ मोटारचोरीचाच तपास करणारा, भंगारवाले व गॅरेजवाले ओळखणारा आणि शेजारच्या काउंटीतील सहकाऱ्याला थेट फोन लावू शकणारा अधिकारी हवा असेल तर त्याचा पगार कोणीतरी वेगळा काढून ठेवावा लागतो. आपले पाच डॉलर मुख्यतः त्यासाठी आहेत.

या सेवेचा सामान्य नागरिकाशी थेट संबंध फार थोड्या ठिकाणी येतो. त्यांपैकी एक मी जवळून पाहिला. माझा भाचा कॅनडातील मिसिसागा येथून नोकरीनिमित्त ह्यूस्टन परिसरात राहायला आला आणि येताना स्वतःची गाडी घेऊन आला. परदेशात नोंदणी झालेली गाडी टेक्सासमध्ये नावावर करायची असेल तर प्रशिक्षित पोलीस अधिकाऱ्याकडून तिच्या ओळख क्रमांकाची तपासणी करून घ्यावी लागते. या तपासणीच्या अर्जाला सगळे जण ‘सिक्स्टी-एट-ए’ म्हणतात आणि कायद्यानुसार तपासणीसाठी ४० डॉलर आकारले जातात. गाडी घेऊन आम्ही दोघेही मोटारचोरी पथकाच्या अधिकाऱ्यासमोर हजर झालो. त्यांनी प्रथम समोरच्या काचेतून डॅशबोर्डच्या डाव्या कोपऱ्यावरील सतरा अक्षरांचा क्रमांक टॉर्चच्या उजेडात वाचला. त्यांचे लक्ष अक्षरांइतकेच ती पट्टी बसवणाऱ्या रिव्हेटांवर होते, कारण पट्टी एकदा उचकटून पुन्हा बसवली की रिव्हेट मूळ कारखान्याचे राहत नाहीत. मग चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकर पाहिले, त्याच्या कडा नखाने चाचपल्या, तो सोलून पुन्हा चिकटवलेला नाही याची खात्री केली. त्यानंतर गाडीखाली वाकून त्यांनी आणखी एक ठिकाण तपासले. ते कुठे आहे हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. सर्व क्रमांक एकमेकांशी आणि कागदांशी जुळल्यावर संगणकावर चोरीच्या नोंदी पाहून त्यांनी अर्जावर सही केली.

कामाचा दर्जा म्हणून पाहिले तर या तपासणीत मला नाव ठेवायला जागा दिसली नाही. अधिकारी घाईत नव्हते, कारण विचारले की नीट समजावून सांगत होते, आणि चोरीच्या गाड्यांना नवी ओळख देण्याचा धंदा किती सफाईने चालतो याची आम्हाला प्रथमच नीट कल्पना आली. गैरसोय आहे ती वेळ मिळण्याची. मोठ्या शहरांत ठरावीक वारीच तपासणी होते, आधी वेळ घ्यावी लागते आणि लहान काउंटीत राहणाऱ्याला प्रशिक्षित अधिकारी शोधत दूरवर जावे लागते. खासगी माणसाकडून जुनी गाडी विकत घेणाऱ्या सामान्य ग्राहकालाही, सक्ती नसताना, अल्प शुल्कात अशी तपासणी सहज करून घेता आली तर या निधीचा याहून थेट उपयोग दुसरा नसेल. फसवल्या गेलेल्या ग्राहकाची गाडी पोलीस जप्त करतात आणि ती मूळ मालकाकडे किंवा त्याच्या विमा कंपनीकडे जाते. पैसे मात्र बुडतात ते त्या ग्राहकाचेच. नव्याने आलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना आणि पहिली गाडी घेणाऱ्या कुटुंबांना हा धोका सर्वाधिक असतो, कारण स्वस्त गाडी शोधताना ते ऑनलाइन जाहिरातींवरच विसंबून राहतात.

आता या सेवेबाबतच्या माझ्या मुख्य तक्रारीकडे वळतो. २०१९ मध्ये शुल्क २ डॉलरवरून ४ डॉलर झाले तेव्हा वाढीचे कारण मोटारचोरी हे नव्हतेच. वाहनचालकांवर वार्षिक अधिभार लादणारी एक बदनाम योजना राज्याने त्या वर्षी रद्द केली. ती रद्द व्हायलाच हवी होती, कारण अधिभार न भरता आल्याने असंख्य गरीब लोकांचे वाहन परवाने निलंबित झाले होते. मात्र त्या अधिभारातून राज्यातील अपघात-उपचार केंद्रांना पैसा मिळत असे आणि तो खड्डा भरण्यासाठी मोटारचोरीच्या शुल्काला हात घालण्यात आला. वाढलेल्या शुल्कातील ६० टक्के वाटा रुग्णालयांच्या त्या खात्याकडे वळवण्यात आला. अपघातात सापडलेल्या माणसाला उपचार मिळावेत याबद्दल कोणाचेच दुमत नसेल, माझेही नाही. परंतु पॉलिसीवर नाव एकाचे छापायचे आणि निम्म्याहून अधिक पैसा दुसरीकडे द्यायचा, ही रीत ग्राहकाशी प्रामाणिक नाही. कोणत्याही दुकानाने असे बिल दिले असते तर आपण ते परत केले असते. विमा कंपन्या या शुल्काची सूचना छापतातच, त्यात आणखी एक वाक्य घालून ही वाटणी सांगता येईल.

२०२३ मध्ये वाढलेल्या शेवटच्या एका डॉलरबद्दल मात्र माझी काहीही तक्रार नाही. हा पैसा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या चोरीविरुद्धच्या कामासाठी आहे. गाडीच्या धुराड्याच्या नळीत बसवलेल्या या भागात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे मौल्यवान धातू असतात. सराईत चोर गाडीखाली शिरून पोर्टेबल करवतीने तो काही मिनिटांत कापून नेतो आणि मालकाला मात्र हजार डॉलरच्या वर भुर्दंड पडतो. हॅरिस काउंटीच्या शेरीफ कार्यालयातील डेप्युटी डॅरेन अल्मेंडारेझ हे मोटारचोरी विभागातच काम करत होते. ३१ मार्च २०२२ रोजी ते कर्तव्यावर नसताना, पत्नीसह किराणा दुकानातून बाहेर पडत असताना, त्यांच्याच गाडीचा कन्व्हर्टर कापणाऱ्यांना त्यांनी हटकले आणि चोरट्यांच्या गोळीबारात त्यांचा मृत्यू झाला. शुल्क वाढवणारा आणि कापलेल्या कन्व्हर्टरांच्या खरेदीविक्रीवर कडक बंधने आणणारा कायदा त्यांच्याच नावाने ओळखला जातो. चोरलेला भाग विकत घेणारा भंगारवाला गाठला नाही तर चोर पकडून काहीच साधत नाही, हे या कायद्याने ओळखले आहे. भंगारवाल्यांच्या नोंदवह्या तपासण्यासाठी माणसे हवीत आणि ती याच डॉलरमधून मिळतात.

परिणामांचे काय? ही योजना सुरू झाली त्या १९९१ साली टेक्सासमध्ये दीड लाखाहून अधिक वाहने चोरीला गेली होती. लोकसंख्या एवढी वाढूनही २०१५ च्या सुमारास हा आकडा सत्तर हजारांच्या आसपास आला. याचे सगळे श्रेय या निधीला देणे चुकीचे ठरेल. त्याच काळात सगळ्या अमेरिकेत मोटारचोरी घटली, कारण किल्लीतील चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारा इमोबिलायझर बहुतेक गाड्यांत आला. त्यानंतर उलटा फेरा आला. ह्युंदाई आणि किया यांच्या साध्या किल्लीच्या अनेक मॉडेलांत ही सोय नव्हती आणि २०२१-२२ मध्ये समाजमाध्यमांतून त्यांच्या चोरीची युक्ती पोरासोरांपर्यंत पोहोचली. भाच्याच्या कॅनडातील गाडीबद्दल बोलताना ही गोष्ट विशेष जाणवली. तिकडे २००७ पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा आहे, इथे अमेरिकेत तशी सक्तीच नाही. राष्ट्रीय विमा गुन्हे संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये टेक्सासमधून सुमारे १ लाख १५ हजार वाहने चोरीला गेली. त्याहून अधिक चोऱ्या फक्त कॅलिफोर्नियात झाल्या. त्यानंतर चोऱ्या पुन्हा घटू लागल्या आहेत. कंपनीने कारखान्यात वाचवलेल्या एका सुट्या भागाची भरपाई पोलीस पथकांच्या अनुदानातून करावी लागणे योग्य नाही. अशा कंपन्यांकडूनही या निधीत काही वसूल व्हायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक उणीव अजून सांगायला हवी. ओळखीच्या एका कुटुंबाची जुनी सेडान अपार्टमेंटच्या आवारातून गेली आणि पुढे शहराच्या दुसऱ्या टोकाला सापडली. पोलिसांनी आपले काम चोख केले होते, पण गाडी टो करून ठेवलेल्या यार्डाने ओढून नेण्याचे आणि दररोजच्या साठवणुकीचे पैसे मागितले. किमान विमा असलेल्या त्या कुटुंबाला, स्वतःची काहीच चूक नसताना, चोराने सोडून दिलेली गाडी अक्षरशः विकत घ्यावी लागली. सापडलेली गाडी सोडवण्याचा पहिल्या काही दिवसांचा खर्च निदान कमी उत्पन्नाच्या मालकांसाठी या निधीतून दिला जावा, ही मागणी प्राधिकरणाच्या बैठकीत मांडता येईल. या बैठका सार्वजनिक असतात आणि नागरिकाला तिथे बोलण्याचा अधिकार आहे.

तोपर्यंत आहे त्या सेवेचा पुरेपूर लाभ घ्यावा. पथकांतर्फे अधूनमधून काचांवर गाडीचा ओळख क्रमांक कोरून देण्याची मोफत शिबिरे होतात, तिथे गाडी अवश्य न्यावी. सर्व काचांवर क्रमांक कोरलेली गाडी विकायची तर चोराला सगळ्या काचा बदलाव्या लागतात आणि तो खर्च त्याला परवडत नाही. पॉलिसीचे पुढचे नूतनीकरण कराल तेव्हा त्या छोट्या ओळीवर बोट ठेवून आपल्या एजंटला विचारा, की या पाचांतले पोलिसांपर्यंत किती पोहोचतात.