रो हाउसचा दर्शनी भाग: रंग की दगडी क्लॅडिंग?

नाशिक-पुण्याकडची रो हाउसेस दोन्ही बाजूंनी शेजाऱ्याला चिकटलेली. दाखवायला उरते समोरची एक भिंत, पोर्च आणि गेट. पैसा ओतायचा तो एवढ्याच जागेवर, आणि गाडी बहुधा रंग की क्लॅडिंग (म्हणजे भिंतीवर दगडाच्या पातळ फरश्या बसवणं) इथे अडते.

रंगाचा मोठा गुण म्हणजे छटा चुकली तरी पुढच्या वेळी बदलता येते. मात्र निम्मं काम ब्रश हातात घेण्याआधीचं: तडे भरणं, शेवाळ घासून काढणं, प्रायमर. नवं प्लास्टर असेल तर निदान 28 दिवस वाळू द्या, पेंटर कितीही घाई करो. पावसाचा मारा थेट बसतो त्या भिंतीला खडबडीत टेक्स्चर नको. खाचांत धूळ बसते आणि शेवाळ तिथेच धरतं.

क्लॅडिंगला उठाव आहे, दर काही वर्षांनी परांची बांधावी लागत नाही. पण 20 मिलिमीटर जाडीचा दगड चौरस फुटाला साधारण 5 किलो भरतो. नुसत्या सिमेंटवर तो वरच्या मजल्यापर्यंत चढवणं मला पटत नाही. तिथे धातूच्या पिना किंवा क्लॅम्प हवेतच. शिवाय सांध्यातून पाणी शिरलं की ओल दगडामागे मुरत राहते, कळतं ते आतल्या भिंतीला पोपडे धरल्यावर. रंगाची भिंत निदान लगेच चुगली करते.

म्हणून माझा कौल: दगड दरवाजालगतच्या पट्ट्याला किंवा कंपाउंडला, बाकी सगळा रंग, तोही दोनच छटांत. कोकणात जांभ्याचं जोतं उघडं असेल तर त्यावर टाइल लावू नका, त्याहून चांगलं काही बाजारात मिळणार नाही.

दोन्हींच्या आधी मात्र लोंबत्या केबली, मीटरची पेटी आणि एसीचं युनिट यांची सोय लावा. नजर आधी तिथेच जाते. छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच आहे का तेही बघा. नसेल तर रंग कितीही भारी असो, पहिल्याच पावसाळ्यात काळे ओघळ उतरतात.

काही सोसायट्यांत सगळ्यांचा दर्शनी भाग सारखाच ठेवायचा नियम असतो. तिथे हा वादच उरत नाही. हातात राहतं ते गेट, पोर्चमधला दिवा आणि वेल. भरपूर ऊन असेल तर बोगनवेल लावा, पण भिंतीवर न चढवता जाळीवर.