मीटलोफचा जाळीवाला पॅन: चरबी खाली जाते, पण कडा भाजत नाहीत

मीटलोफ म्हणजे खिम्यात भिजवलेला ब्रेड आणि अंडी मिसळून, पावाच्या आकारात ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ. अमेरिकेतल्या दुकानांत मीटलोफसाठी खास म्हणून विकला जाणारा पॅन म्हणजे एकात एक बसणारी दोन भांडी. बाहेरचं नेहमीचं ९ × ५ इंचांचं ब्रेडचं भांडं, आतलं तळाला भोकं असलेलं, दोन्ही टोकांना धरायला कान. आतलं भांडं बाहेरच्या तळापासून साधारण अर्धा इंच वर राहतं. खिम्यातून सुटणारी चरबी भोकांतून खाली जाईल, लोफ तिच्यात बुडणार नाही आणि कान धरून अलगद वर काढता येईल, असं वेष्टनावर लिहिलेलं असतं. यातलं शेवटचं शंभर टक्के खरं आहे. पहिलं बऱ्याच अंशी खरं आहे. पण चांगल्या मीटलोफची खरी गोडी त्याच्या तांबूस, किंचित कडक कडेत असते आणि ती हा पॅन देत नाही.

का देत नाही, ते समजून घेतलं तर पॅन कधी वापरावा हेही कळतं. खिमा तापला की त्यातली प्रथिनं आक्रसतात आणि आतलं पाणी पिळून बाहेर टाकतात. म्हणजे लोफमधून सुटतं ती नुसती चरबी नसते, रसही असतो. उघड्या ट्रेवर हे पाणी लगेच उडून जातं आणि मांसाचा पृष्ठभाग भाजला जातो. भांड्यात चारही बाजू पत्र्याला चिकटलेल्या, वाफेला वाट फक्त वरून. त्यामुळे वरची बाजू सुरेख होते आणि बाजू करड्या, उकडल्यासारख्या राहतात. भोकं तळाला आहेत, बाजूंना नाहीत. म्हणून जाळी असूनही हा दोष जात नाही. शिवाय पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत खिमा घट्ट होताना काही भोकं बुजतात. निचरा थांबत नाही, पण मंदावतो.

८०/२० खिमा, म्हणजे वीस टक्के चरबीचा, मीटलोफला सर्वांत योग्य. न्यू जर्सी आणि आसपासच्या राज्यांत सुपरमार्केटमध्ये ‘मीटलोफ मिक्स’ नावाने बीफ, पोर्क आणि व्हील (वासराचं मांस) एकत्र दळून मिळतं, तेही उत्तम. या दोन्हींसाठी पॅनचा उपयोग फक्त साचा म्हणून करावा. आतल्या भांड्यात बेकिंग पेपरची लांब पट्टी घालून मिश्रण हलक्या हाताने दाबायचं, मग काठ असलेल्या पसरट ट्रेवर फॉइल घालून त्यावर भांडं उलटं करायचं आणि उचलून घ्यायचं. आकार नेटका येतो, वरून आणि चारही बाजूंना आच लागते आणि ग्लेझ, म्हणजे वरून लावायचा केचपचा गोड-आंबट थर, बाजूंनाही लावता येतं.

पॅनमध्येच भाजायचा असेल तर तो टर्कीसाठी किंवा बोकडाच्या खिम्यासाठी. ९३/७ टर्कीत चरबीच कमी. ती उघड्यावर चटकन कोरडी पडते आणि भांड्याच्या बंद बाजू तिला जपतात. बोकडाचा खिमाही बहुधा असाच कोरडा असतो. कांदा परतताना त्यात दोन मोठे चमचे लोणी जास्त घालावं. आणि खिमा धुवायची आपली सवय इथे नडते. धुतलेल्या खिम्यात पाणी अडकून राहतं, लोफ बांधला जात नाही, कापताना भुगा होतो. धुऊ नका.

प्रमाण ९०० ग्रॅम खिम्याचं देतो, कारण आतल्या भांड्यात तेवढंच नीट मावतं. पांढऱ्या ब्रेडच्या चार स्लाइस, म्हणजे सुमारे १०० ग्रॅम, कुस्करून अर्धा कप दुधात दहा मिनिटं भिजवायच्या आणि काट्याने पार लगदा करायचा. हा लगदा सगळ्यांत महत्त्वाचा. तो प्रथिनांच्या मध्ये येऊन बसतो, त्यांना घट्ट आवळू देत नाही आणि रस धरून ठेवतो. कोरडा ब्रेडचुरा घातला तर तो खिम्याचंच पाणी ओढतो. एक मोठा कांदा बारीक चिरून, परतून, पूर्ण गार करून. कच्चा घातला तर पाणी सुटतं आणि जिथे तुकडा असेल तिथे काप तुटतो. दोन अंडी, दोन पाकळ्या लसूण, एक मोठा चमचा वूस्टरशर सॉस, दीड चहाचा चमचा मीठ, मिरपूड. आधी हे सगळं लगद्यात एकजीव करून घ्यायचं आणि खिमा शेवटी, बोटं फाकवून, मिसळला जाईल एवढाच. मीठ लागलेला खिमा मळत राहिलात तर प्रथिनं चिकट होतात आणि लोफ सॉसेजसारखा रबरी होतो. कणकेसारखं मळायचं नाही. मीठ-मसाला बघायला कच्चं चाखू नका. चमचाभर मिश्रणाची टिक्की तव्यावर भाजून खा.

भरताना वर अर्धा इंच जागा सोडा, नाहीतर ग्लेझ काठावरून ओघळतं आणि ओव्हनमध्ये जळतं. ओव्हन १७५ अंश सेल्सिअस, म्हणजे ३५० फॅरनहाइट. ट्रेवर मोकळा ठेवलेला लोफ तासाभरात होतो. दुहेरी भांड्यात मध्ये हवेचा थर असल्याने दहा-पंधरा मिनिटं जास्त धरा. तरी घड्याळावर विसंबू नका. थर्मामीटरची सुई वरून न खुपसता टोकाकडून आडवी, बरोबर मध्यापर्यंत घाला. बीफ, पोर्क, बोकड असेल तर ७१ अंश, टर्की किंवा चिकन असेल तर ७४. अमेरिकी सरकारने दळलेल्या मांसासाठी सांगितलेलं किमान तापमान हेच आहे. त्याच्या फार पुढे गेलात तर लगदाही रस धरू शकत नाही. पॅन आणि थर्मामीटर यांपैकी एकच घ्यायचं असेल तर निःशंक थर्मामीटर घ्या.

ग्लेझ म्हणजे अर्धा कप केचप, दोन मोठे चमचे ब्राउन शुगर, एक मोठा चमचा सायडर व्हिनेगर. यातलं निम्मं पाऊण तासाने लावायचं, उरलेलं शेवटच्या दहा मिनिटांत. सुरुवातीलाच लावलं तर साखर करपते. कडक चकाकी यावी म्हणून काहीजण शेवटी ब्रॉयलर, म्हणजे ओव्हनची वरून येणारी कडक आच, लावतात. नॉनस्टिक पॅन ब्रॉयलरखाली घालू नका. लेप सहन करू शकेल त्यापेक्षा ती आच जास्त असते. ट्रेवरच्या लोफला ही अडचण नाही, मात्र तिथे जागेवरून हलू नका.

बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटं लोफ कापायचा नाही. आतलं भांडं वर उचलून बाहेरच्याच काठावर तिरकं टेकवून ठेवलं की राहिलेला रस निथळतो, आणि याच ठिकाणी हा पॅन साध्या भांड्यापेक्षा खरोखर सरस आहे. साध्या भांड्यातून लोफ काढायचा म्हणजे दोन उलथणी आणि तुटलेलं एक टोक ठरलेलं. पंधरा मिनिटांनी दातेरी सुरीने अंगठ्याएवढे जाड काप केले तर ते ताटात उभे राहतात. कुस्करलेला बटाटा आणि घेवड्याच्या शेंगा हा तिथला नेहमीचा जोड. भांड्यातला लोफ चौकोनी आणि घट्ट येतो, म्हणून दुसऱ्या दिवशी थंड काप तव्यावर परतून सँडविचमध्ये घालायला तो ट्रेवरच्या लोफपेक्षा बरा.

खाली साठलेली चरबी सिंकमध्ये ओतू नका, नळीत जाऊन थिजते. भांड्यातच गार होऊ द्या आणि खरवडून कचऱ्यात टाका. भोकांत अडकलेला खिमा वाळला की निघता निघत नाही. जेवायला बसण्यापूर्वी आतलं भांडं कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवलं तर बाटली धुण्याच्या ब्रशने पाच मिनिटांत साफ होतं. तारेची घासणी नको. आणि काठ नीट पाहा: पत्रा बाहेरच्या बाजूला गोल वळवलेला असतो, त्या वळणात पाणी राहतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. डिशवॉशर चालतो असं लिहिलेलं असलं तरी हाताने धुवा, उपडं ठेवून निथळवा आणि काठ फडक्याने टिपा.

भारतात ओटीजीसाठी (टेबलावरच्या छोट्या विजेच्या ओव्हनसाठी) मागवत असाल तर भांड्याची लांबी कानांसकट मोजा. भांडं ९ इंचांचं म्हटलं तरी कान धरून ते दोन-तीन इंच जास्त लांब भरतं आणि लहान ओटीजीत दार लागत नाही. ओटीजीत ते खालच्या कप्प्यात ठेवा, वरची सळई जवळ आली की लोफ आत कच्चा असतानाच ग्लेझ काळं होतं.

घरी आणल्यावर पहिल्यांदा एक गोष्ट करा. दोन्ही भांडी एकात एक बसवून कपाने मोजून पाणी घाला, ते जाळीला टेकेपर्यंत. एक कप मावलं तर ८०/२० च्या ९०० ग्रॅमला ती जागा पुरते. पाऊण कपाच्या आत टेकलं तर सुटलेला रस परत वर चढेल. त्या पॅनमध्ये फक्त टर्की भाजा, किंवा पाऊण तास झाल्यावर आतलं भांडं उचलून खालची चरबी एकदा वेगळ्या भांड्यात ओतून टाका आणि मग पहिलं ग्लेझ लावा.