दोन फुटी टाकी, अकरा महिने आणि टँकरचं पाणी

गेल्या जुलैत, पावसानं घरात कोंडलेल्या एका रविवारी आम्ही हॉलमध्ये झाडांची टाकी मांडली, म्हणजे माशांसोबत पाण्यातली खरी झाडं वाढवायचं अ‍ॅक्वेरियम. आता जून आलाय. या अकरा महिन्यांत ती दोनदा मोडायला निघाले होते, पण ती अजून आहे. पुण्यात, फ्लॅटमध्ये, नोकरी सांभाळून हा उद्योग करायचा विचार असेल तर माझा अनुभव वाचा.

आधी सामान. काचेची टाकी २४ बाय १२ बाय १५ इंचांची. कागदावर ७० लिटर भरतात, पण माती, वाळू, लाकूड टाकल्यावर पाणी मावतं जेमतेम ५५. भरलेली टाकी नव्वद किलोच्या घरात जाते. टीव्हीच्या युनिटवर ठेवायचा बेत तिथेच बारगळला आणि लोखंडी स्टँड आला. वर प्लायवूड, त्यावर थर्माकोलची शीट. थर्माकोलवर कंजुषी करू नका, काचेखाली एखादा खडा राहिला तर सगळा भार त्या एका जागी येतो.

महागडी अ‍ॅक्वासॉइल, म्हणजे टाकीतल्या झाडांसाठी मिळणारी तयार माती, घेतली नाही. नर्सरीतली लाल माती, शेणखत न मिसळलेली, चाळून इंचभर पसरली आणि वर दीड इंच वाळू. वाळू आधी सोसायटीतल्या बांधकामावरून घमेलंभर उचलून आणली होती. मूठभर वाटीत घेऊन व्हिनेगर ओतलं तर फसफसली. म्हणजे तिच्यात चुनखडी. अशी वाळू टाकीत गेली की पाण्यातले क्षार हळूहळू वाढतच राहतात. ती कुंड्यांना दिली आणि पाण्याच्या फिल्टरमध्ये घालतात ती सिलिका वाळू आणली.

दुकानदार म्हणाला, "ताई, आज पाणी भरा, उद्या मासे न्या." हा सल्ला मानला असता तर सगळे मासे गेले असते. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यांतून अमोनिया होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन माशांना विष, तिसरं झाडांना खत. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात, वाळूत घर करतात आणि त्यांना वाढायला महिना-दीड महिना लागतो. आमच्या मातीनंच पहिल्या आठवड्यात भरपूर अमोनिया सोडला. पाणी तपासायची थेंबांची टेस्ट किट आणली होती. रोज रात्री नळी हलवत बसायचे. नायट्राइटची नळी जांभळी व्हायची आणि अप्पा, म्हणजे माझे सासरे, चष्मा वर करून विचारायचे, "अगं, मासे कधी? का नुसतं गवतच बघायचंय?" चौतिसाव्या दिवशी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले.

त्या महिन्यात गवतही फार देखणं नव्हतं. क्रिप्टोकोरीनची सगळी पानं चार दिवसांत वितळून चिखल झाली. पैसे पाण्यात गेले म्हणून उपटायला निघाले होते, पण मूळ घट्ट होतं म्हणून राहू दिलं. तीन आठवड्यांनी नवी पानं आली. जागा बदलली की हे झाड असं रुसतं. जावा फर्न मात्र माझ्या अडाणीपणानं मेलं. त्याचं जाडं आडवं खोड वाळूत पुरलं आणि ते कुजलं. ते लाकडाला दोऱ्यानं बांधायचं असतं, अन्युबियासचंही तसंच. सगळ्यात जास्त साथ दिली वॉटर विस्टेरियानं. आपल्याच उपखंडातलं झाड, ना कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लागला ना वरचं खत. आता दर पंधरा दिवसांनी कात्री चालवावी लागते.

लाइट सुरुवातीला दहा तास ठेवायचे. काचेवर तपकिरी थर, मग हिरवे ठिपके, मग पानांच्या कडांना केसांसारखं शेवाळ. ४५० रुपयांचा टायमर लावून सहा तासांवर आणलं आणि महिन्याभरात शेवाळ आटोक्यात आलं. २० वॉटचा लाइट सहा तास आणि ८ वॉटचा फिल्टर दिवसभर धरला तर महिन्याला साधारण साडेनऊ युनिट होतात. बिलाची भीती घालणाऱ्यांना हे सांगा.

ऑगस्टअखेर आधी सहा झेब्रा डॅनियो आले, मग पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानं सहा कोरीडोरस आणि दहा निऑन टेट्रा. शेवटी चार नर गप्पी. 'नर' हा दुकानदाराचा शब्द. त्यातली एक मादी निघाली. डासांच्या अळ्या खायला महापालिका जे गप्पी मासे सोडते त्यांचेच हे रंगीत भाऊबंद, वाढायचा वेगही तोच. पिल्लांचा हिशेब आम्ही डिसेंबरात सोडून दिला.

मिस केरला घ्यायची फार इच्छा होती. लाल-काळी पट्टी असलेला हा मासा पश्चिम घाटातल्या नद्यांचा, आणि २०१३ साली त्याच्या प्रजातीला (जीनसला) नावच 'सह्याद्रिया' दिलं गेलं. पण तो सहा इंचांपर्यंत वाढतो, थव्यानं पोहतो आणि निसर्गात संकटात आहे. दोन फुटांत त्याला कोंबायचं मनाला पटलं नाही. दुकानात उभं राहून बघते आणि परत येते.

फिल्टरविषयी एक तक्रार. बाहेर काचेला अडकवायचा होता, शांत आणि सुबक. पण वीज जाऊन आली की त्यातलं पाणी खाली उतरलेलं असे आणि मोटर कोरडी घरघरत राही. दुपारी घरी कोणी नसताना हे दोनदा झालं. आता साधा स्पंज फिल्टर आहे, एअर पंपावर चालणारा, शिवाय बॅटरीचा एक छोटा पंप तयार ठेवलाय. बुडबुडे आवाज करतात, पण रात्री मला झोप लागते. स्पंज कधीही नळाखाली धुवू नका, क्लोरीन जिवाणू मारतो. टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीतच पिळायचा.

आता टँकर. महापालिकेचं पाणी खडकवासल्याकडून येतं. माझ्या मीटरवर त्याचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, ९० ते १०० दिसतो. एप्रिलमध्ये सोसायटीत टँकर सुरू झाले आणि माझ्या लक्षातच आलं नाही. नेहमीसारखं क्लोरीन काढायचं औषध घातलं आणि शनिवारी चाळीस टक्के पाणी बदललं. रविवारी सकाळी चार निऑन तळाशी, बाकीचे कोपऱ्यात आक्रसून. बादलीत मीटर बुडवला तर ६४०. एका झटक्यात इतका बदल नाजूक मासे सोसू शकत नाहीत. लेक रडली, मीही. मोडायला निघाले होते असं वर म्हटलं त्यातली ही एक वेळ. (दुसरी वेळ गोगलगाईंची, पण त्या आता मला आवडायला लागल्यात.)

तेव्हापासून बादली भरली की आधी मीटर. टँकरचं पाणी असेल तर त्यात आरओचं पाणी मिसळून आकडा टाकीच्या जवळ आणते, आणि एका वेळी वीस टक्क्यांहून जास्त बदलत नाही. मे महिन्यात टाकी ३२ अंशांवर गेली. काचेवर यूएसबीचा छोटा पंखा लावला, तीन अंश उतरले, पण रोज लिटरभर पाणी उडायला लागलं. उडतं ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात. म्हणून वरून घालायचं ते आरओचंच. निऑनना हा उन्हाळा मानवला नाही, हे कबूल करते. आज पाच उरलेत. पुन्हा मांडली तर त्यांच्याऐवजी चेरी बार्ब घेईन, आणि टाकी तीन फुटी. जास्त पाणी असलं की चूक झाली तरी ती सावकाश होते.

खाण्याचा प्रश्न अप्पांनी सोडवला, म्हणजे आधी त्यांनीच निर्माण केला होता. सकाळी ते घालायचे, दुपारी लेक, संध्याकाळी 'बिचारे बघतायत' म्हणून पुन्हा अप्पा. पाणी गढूळ. शेवटी त्यांची गोळ्यांची जुनी डबी घेतली, सोमवार ते रविवार कप्प्यांची, आणि प्रत्येक कप्प्यात त्या दिवसाची चिमूट भरली. रविवारचा कप्पा मुद्दाम रिकामा. पहिल्या रविवारी अप्पांनी डबी उघडून मला हाक मारली, "यांचा आज उपास का?" हो म्हटलं. आता ते स्वतःच शनिवारी सांगतात, उद्या एकादशी.