ओएस-पाथ की पाथलिब?

फाइल-फोल्डरांचे पत्ते (पाथ) हाताळायला पायथनमध्ये दोन मॉड्यूल आहेत: जुने ओएस-पाथ (os.path) आणि नवे पाथलिब (pathlib). पाथलिब 3.4 या आवृत्तीपासून, म्हणजे 2014 पासून आहे. तरीही आमच्याकडे बेळगावात नव्याने स्क्रिप्ट लिहू लागलेली मुले बहुधा ओएस-पाथनेच सुरुवात करतात, कारण हाती पडणारा जुना कोड त्यातच लिहिलेला असतो. मी दोन्ही वापरतो आणि ओएस-पाथला टाकाऊ म्हणणार नाही. ते साध्या स्ट्रिंगवर चालते, म्हणून जुन्या लायब्ररींशी त्याचे बिनसत नाही. पाथलिब प्रत्येक पत्त्याचा वेगळा ऑब्जेक्ट बनवते आणि लाखभर फायलींच्या लूपमध्ये तो भार जाणवतो. अशा ठिकाणी मी आजही ओएस-स्कॅनडिर (फोल्डरमधल्या नोंदी वाचणारे फंक्शन) घेतो. फाइल उघडणाऱ्या ओपन या फंक्शनला पाथलिबचा पाथ थेट देता येत नाही, ही तक्रार मात्र 3.6 पासून उरलेली नाही.

माझा कल ठरला तो पत्त्याच्या शेवटी येणाऱ्या स्लॅशमुळे. खानापूर, निपाणी, चिकोडी अशा शाखांच्या फोल्डरांतून सभासदांच्या याद्या वाचायच्या आणि प्रत्येक शाखेची एक सीएसव्ही फाइल, फोल्डरचेच नाव देऊन, एका ठिकाणी ठेवायची, असे एका पतसंस्थेचे काम माझ्याकडे असते. लिनक्सच्या टर्मिनलवर टॅब दाबून फोल्डरचे नाव पुरे केले की शेवटी स्लॅश आपोआप लागतो, आणि ‘याद्या/निपाणी/’ असा पत्ता मिळाला की ओएस-पाथचे बेसनेम (पत्त्याचा शेवटचा भाग देणारे फंक्शन) रिकामी स्ट्रिंग परत करते. मग फाइलचे नाव उरते नुसते ‘.सीएसव्ही’. टिंबाने सुरू होणारी फाइल लिनक्सवर साध्या यादीत दिसत नाही. शिवाय पुढची शाखाही त्याच नावावर लिहिते, त्यामुळे आधीच्या शाखेची यादी पुसली जाते आणि एरर कुठेच येत नाही. आधी पत्ता नीटनेटका करणारे नॉर्मपाथ लावणे हा उपाय आहे, पण तो दर ठिकाणी आठवणीने करावा लागतो. पाथलिब शेवटचा स्लॅश ठेवतच नाही, म्हणून नेम विचारले की ‘निपाणी’ असेच उत्तर येते. पत्ता म्हणून नुसते टिंब (म्हणजे चालू फोल्डर) दिले तर तिथेही नाव रिकामे मिळते, तेवढ्यापुरते आधी रिझॉल्व्ह करून, म्हणजे पूर्ण पत्ता काढून घ्यावा.

मराठी आणि कन्नड मजकुराच्या बाबतीत दोन्हींकडे सारखीच काळजी घ्यावी लागते. विंडोजवर ओपन किंवा पाथलिबचे रीड-टेक्स्ट यांना एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) सांगितले नाही, तर बहुधा त्या संगणकाचे कोडपेज, म्हणजे तिथली ठरावीक अक्षरांचीच जुनी पद्धत, वापरले जाते आणि दोन्ही लिप्यांतली नावे वाचण्यापलीकडे जातात. यूटीएफ-8 असे स्पष्ट लिहावेच.

नीट चाललेली जुनी स्क्रिप्ट केवळ यासाठी बदलावी, असे मला वाटत नाही. नवी लिहीत असाल आणि फोल्डरचा पत्ता कुणीतरी हाताने देणार असेल, तर मात्र पाथलिबच घ्यावे. आलेली स्ट्रिंग सुरुवातीलाच पाथमध्ये घालावी आणि पुढे सगळीकडे तोच ऑब्जेक्ट वापरावा.