सीलबंद खोक्यातला हेडफोन

दुकानात कानाला लावून पसंत केलेला हेडफोन आणि सीलबंद खोक्यातून घरी आलेला हेडफोन एकच असेल, असं धरून चालू नका. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात माझी अशीच फसवणूक झाली. दुकानाचं नाव लिहीत नाही, तक्रार अजून चालू आहे. त्याच रस्त्यावर सचोटीने धंदा करणारेही आहेत. पण ही पद्धत सगळ्यांना कळायला हवी, कारण ती कुठल्याही बाजारात खपेल.

घर दोन खोल्यांचं, मुलीचं दहावीचं वर्ष आणि मला रात्री ख्याल ऐकायची सवय. म्हणजे स्पीकर बाद. मला हवा होता वायरवाला, ओपन बॅक हेडफोन. याच्या कपांची बाहेरची बाजू जाळीची असते, त्यामुळे आवाज कानात कोंडत नाही, गाणं डोक्याच्या आत न वाजता जरा बाहेर, मोकळं वाजतं. आवाज बाहेरही झिरपतो, म्हणून लोकलमध्ये याचा उपयोग शून्य; घरी मधलं दार लावलं की भागतं. चौकशी करून सेनहायझरचा एचडी 600 ठरवला. 1997 पासून बाजारात टिकलेलं मॉडेल, गाद्या आणि वायर सुट्या मिळतात. त्याचा इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, 300 ओहम. हा आकडा लक्षात ठेवा.

दुकानात काउंटरवर डेमो पीस एका छोट्या अॅम्पला (अॅम्प्लिफायर, आवाजाला ताकद देणारा डबा) जोडून ठेवला होता. दुकानदाराने आधी ढोलबिल असलेलं काहीतरी दणक्यात लावलं. असल्या गाण्यांवर कुठलाही हेडफोन बरा वाटतो. शिवाय जरा मोठा लावलेला आवाज आपल्या कानाला अधिक चांगला वाटतो. आवाज बारीक केला की खर्ज आणि अगदी वरचे सूर आधी हरवतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच हे मोजून दाखवलंय. म्हणून दोन हेडफोनांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखाच ठेवायचा आणि गाणं आपल्या कानात बसलेलं घ्यायचं. मी किशोरीताई आमोणकरांचा विलंबित ख्याल लावला. तानपुऱ्याची जवारी वेगळी, डग्ग्याची घुमारी वेगळी, आणि दोन्हींच्या मधून आवाज स्वच्छ वर येत होता. डेमो पीस शंभर टक्के अस्सल होता. लबाडी पुढे होती.

"काका, डेमो कशाला नेता, सीलपॅक देतो ना!" मी म्हटलं, इथेच उघडून लावून बघू. तर म्हणे, सील फोडलं की कंपनीची वॉरंटी जाते. ही शुद्ध थाप आहे. वॉरंटी बिलावर आणि अनुक्रमांकावर मिळते, खोक्यावरच्या प्लास्टिकवर नाही. मग बिलाची घासाघीस. "पक्कं बिल हवं तर अठरा टक्के वर." एमआरपीत कर धरलेलाच असतो, हे ऐकवल्यावर त्याने बिल फाडलं. त्यावर लिहिलं काय? "हेडफोन, 1 नग." ना मॉडेल, ना अनुक्रमांक. भावही इतका पडलेला नव्हता की शंका यावी. फर्स्ट कॉपी, म्हणजे हुबेहूब नक्कल, फुटपाथच्या भावात मिळते हा समज या मंडळींना चांगला ठाऊक असतो, म्हणून ते थोडीच सूट देतात.

घरी आल्यावर तो फोनला जोडला. अर्ध्या आवाजातच कान दुखायला लागले. बाहेरच्या माणसाला ही खुशखबर वाटेल, पण 300 ओहमचा हेडफोन साध्या फोनवर इतका उसळत नाही, त्याला अॅम्प लागतो. त्यात डग्गा असा फुगलेला की तानपुरा त्याखाली बुडाला. बायको शेजारी बसली होती, तिला काही ऐकूच येईना. मी जाळीवर दोन्ही तळवे दाबले, आवाजात तसूभर बदल नाही. खऱ्या ओपन बॅकवर हात ठेवला की आवाज लगेच कोंडतो. जाळी नुसती शोभेची होती.

दुकानदाराचं उत्तर तयार होतं: "नवा आहे काका, पन्नास तास वाजू द्या, मग खुलेल." हेडफोन वाजवून वाजवून खुलतो असं मानणारे बरेच जण आहेत, मला ते पटत नाही. पण इथे तो वाद नव्हताच. पन्नास तास म्हणजे तेवढे दिवस गिऱ्हाईक दुकानात येणार नाही, हा त्याचा हिशोब.

माझा मेहुणा नाटकांच्या साउंडचं काम करतो. त्याने मल्टीमीटर, म्हणजे हा ओहमचा आकडा मोजायचं यंत्र, लावला. एक सुई पिनच्या मुळाशी आणि दुसरी टोकाला, की डावा कान मोजला जातो. दुसरी मधल्या कडीवर नेली की उजवा. आकडा 300 च्या आसपास हवा होता, आला 32. मग आम्ही खोकं नीट पाहिलं. आयात मालाच्या वेष्टनावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष, एमआरपी आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क असावा लागतो, 2011 च्या वजनमापाच्या नियमांप्रमाणे. आमच्या खोक्यावर नुसता एमआरपीचा स्टिकर. (वायरलेस घेणाऱ्यांसाठी आणखी एक: त्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरो) आर-क्रमांक, म्हणजे नोंदणी क्रमांक, लागतो, तो बीआयएस केअर अॅपमध्ये टाकून बघता येतो.)

परत गेलो तेव्हा काकाचा "अहो मिस्टर" झाला. "आम्ही डुप्लिकेट ठेवतच नाही. तुम्हीच बदलून आणला असेल." बिलावर मॉडेल का लिहिलं नव्हतं, ते तेव्हा कळलं. भिंतीवर "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी होतीच. तिला घाबरू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. बिलावर मुदत छापलेली नसेल तर 30 दिवस धरतात. मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि दाव्याची मुदत 2 वर्षं. माझ्या बाजूला भक्कम पुरावा एकच: खरेदीच्या आधी दुकानदाराने व्हॉट्सअॅपवर मॉडेलचं नाव आणि भाव लिहून पाठवला होता, आणि तेवढीच रक्कम यूपीआयने गेलीय. तेव्हा तोंडी भाव ठरवू नका, लिहून मागवा.

दुसरा हेडफोन त्याच रस्त्यावर घेतला. इथल्या दुकानदाराने विचारायच्या आधीच ब्लेडने सील कापलं. मी जरा संकोचत खिशातून मेहुण्याचा मल्टीमीटर काढला, तर म्हणाला, "द्या इकडे, मीच लावतो." आकडा बरोबर आला. बिलावर मॉडेल आणि अनुक्रमांक लिहून घेतले आणि मग पैसे दिले.