12 रंगांची प्रवासी जलरंग पेटी: 9 महिने वापरल्यावर

लिहायचं होतं रंगांबद्दल, पण जुलैत बिजागरी तुटली आणि त्या रागातून अजून बाहेर आलेलो नाही. 2,400 रुपयांच्या पेटीत साधी लोखंडी पिन! पावसाळी हवेत ती गंजून फुगली आणि झाकण घट्ट बसलं. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर जोर लावला तर झाकणच हातात आलं. या पेटीचं झाकण म्हणजेच पॅलेट. ते सुटलं की एका हातात झाकण, दुसऱ्यात वही; ब्रश धरायचा कशाने? कंपनीला फोटोंसकट तीन मेल केले. उत्तर एकच: वापरातली झीज वॉरंटीत बसत नाही, नवी घ्या. नवी का घ्यायची? रंग निम्मेही संपले नव्हते.

रंगांबाबत मात्र मत बदललंय. यात काळा नाही म्हणून पहिल्या महिन्यात मी नाराज होतो. पुण्यातलं पाताळेश्वर लेणं काळ्या कातळात कोरलेलं, तिथे काळ्याशिवाय कसं भागणार? मग एका रविवारी नंदीच्या गोल मंडपासमोर बसून अल्ट्रामरीन हा गडद निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळले. थर वाळताना निळ्याचे कण कागदाच्या खळग्यांत बसले आणि कागदावर बेसाल्टचा खरखरीतपणा आला. सावलीत निळा जास्त, उन्हात सिएना जास्त. नळीतल्या काळ्याने हे कधीच जमलं नव्हतं. 1807 च्या विश्रामबागवाड्याचे सुरूच्या झाडाच्या आकाराचे लाकडी सुरूदार खांबही याच दोन रंगांत निघाले.

बिजागरी शेवटी कसब्यातल्या तांबट आळीत जुळली. तिथल्या एका तांबट काकांनी गंजकी पिन उपटली, तांब्याची तार ओवली आणि दोन्ही टोकं ठोकून चपटी केली. साठ रुपये. "ओलाव्यात तांब्याला लागून पत्रा गंजतो, तेलाचा थेंब सोडत जा," म्हणाले. शेजारी मठारकाम, म्हणजे तांब्याच्या भांड्यावर हातोडीने ठोके देणं, चाललं होतं. माझी वही बघून त्यांनी हातोडी पुढे केली. ठोक्याला लागून ठोका पडायला हवा. माझे भरकटत होते. या ठोक्यांनी तांबं कडकही होतं, नुसती नक्षी नव्हे, हे तिथे कळलं. आता दर शनिवारी तासभर तिथे जाऊन बसतो. मठारलेला हंडा रंगवताना प्रत्येक खळग्यात उजेडाचा एक ठिपका कोरा सोडावा लागतो. पाच कागद वाया गेले, सहाव्यावर जमलं.

रंगांना पाच तारे, बिजागरीला शून्य. दुकानात झाकण उघडून पिन बघा. पितळी असेल तरच घ्या.